साठवलेली वीज कशी सांभाळावी

आगोट जवळ आली की कोकणात घरोघर बेगमी सुरू होते. भात कणगीत जाते. सुकी मासळी, मीठ, कोकम डब्यांत भरून ठेवतात. लाकडे पडवीत रचतात. पुढे चार महिने पाऊस, तेव्हा सारे हाताशी असावे, म्हणून ही साठवण.

विजेचीही अशी बेगमी करता येते. ती बॅटरीत करतात. शाळेच्या इन्व्हर्टरला बॅटरी असते. मासेमारीच्या होडीवर असते. रस्त्यावरच्या सौर दिव्याला असते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ज्याच्याजवळ साठवलेली वीज, त्याच्याजवळ उजेड.

पण भाताची साठवण आणि विजेची साठवण यांत एक मोठा फरक आहे. तो फरक ज्याला कळला, त्याचा जीव वाचतो. तो या धड्यात समजून घेऊ या.

वीजघरातली बॅटरी

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात पोफळी हे गाव आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने तेथे येते. जमिनीखालच्या वीजघरात ते मोठी चक्रे फिरवते. 1962 साली तेथे वीज तयार होऊ लागली.

अशा प्रत्येक मोठ्या वीजघरात एक बॅटरीची खोली असते. सबस्टेशनातही असते. कोणी विचारील, "जिथे वीज तयार होते, तिथे ती साठवायची कशाला?"

कारण असे. तारांवर झाड पडले, वीज कोसळली, तर तो भाग झटकन तोडावा लागतो. ते काम मोठे स्विच करतात. पण त्या क्षणी सगळीकडे अंधार झाला, तर स्विचला जोर कोण देणार? तो जोर बॅटरी देते. बॅटरी मेली असेल, तर स्विच हलत नाही. मग यंत्रे जळतात, माणसेही दगावतात.

या बॅटरीत शिशाचे पत्रे आणि अॅसिड असते. तिच्या एकेका घराला सेल म्हणतात. एका सेलचा दाब साधारण 2 व्होल्ट. असे 110 सेल साखळीसारखे जोडले, की 220 व्होल्ट होतात. म्हणजे जवळजवळ आपल्या घरातल्या विजेइतका दाब.

बॅटरी झोपत नाही

आता तो फरक ऐका. कणगीतले भात गप्प पडून असते. बॅटरीतली वीज मात्र कायम जागी असते.

घरातला दिवा बटण दाबून मालवता येतो. तारेवरची वीज मागून बंद करता येते. पण बॅटरीची वीज तिच्या पोटातच असते. मेन स्विच पाडला, तर बाहेर जाणारी वाट बंद होते. आत वीज तशीच राहते. साखळी मधोमध सोडवली, तर तिचे दोन तुकडे होतात. दाब निम्मा होतो, पण दोन्ही तुकडे जिवंतच असतात.

म्हणून बॅटरीजवळ "वीज बंद केली आहे, आता भीती नाही" असे कधी म्हणू नये.

लोखंडी पाना दोन टोकांवर आडवा पडला, तर डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच ठिणगी उडते. लोखंड लालभडक होते. हातातली अंगठी तापून बोट भाजते. यासाठी खोलीत शिरण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पान्याच्या दांड्याला रबराचे आवरण असावे. कामाला दोन माणसे असावीत. एकाने काम करावे, दुसऱ्याने लक्ष ठेवावे. मेन स्विच पाडल्यावर त्याला कुलूप लावावे. "माणूस काम करीत आहे" अशी पाटी अडकवावी. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी.

देखभालीची पाच कामे

पहिले काम हवेचे. बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो शंभरात 4 भाग झाला, तर एका ठिणगीने भडका उडतो. हा वायू हलका असतो, वर छताशी जमतो. म्हणून छताजवळची जाळी आणि पंखा चालू आहे ना, ते आधी पाहावे. तेथे बिडी ओढू नये, काडी पेटवू नये, देवापुढचा दिवाही लावू नये.

दुसरे काम पाण्याचे. सेलमधले पाणी हळूहळू कमी होते. पत्रे उघडे पडले, की सेल खराब होतो. खुणेपर्यंत पाणी घालावे, पण ते डिस्टिल्ड वॉटरच असावे. विहिरीचे पाणी कितीही गोड लागले, तरी चालत नाही. आपल्या जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोखंडाचा अंश असू शकतो. खाडीकाठच्या पाण्यात मीठ असते. दोन्ही बॅटरीला मारक. आणि पाणी कमी झाले म्हणून वरून अॅसिड कधी ओतू नये.

तिसरे काम जोडांचे. समुद्राच्या खाऱ्या हवेने टोके लवकर गंजतात. पांढरी-हिरवी पूड धरते. जोड सैल झाला, की तापतो. तो हाताने चाचपून पाहू नये. त्यासाठी तापमान मोजण्याचे यंत्र असते. जाणत्या माणसाने टोके साफ करावीत, नट बेताने आवळावेत आणि वर व्हॅसलीन लावावे.

चौथे काम स्वच्छतेचे. फुगलेला सेल, तडा, ओघळलेले अॅसिड दिसले, तर लगेच सांगावे. चश्मा, रबरी हातमोजे आणि पुढ्यात रबरी आवरण घातल्याशिवाय अॅसिडजवळ जाऊ नये. जमिनीवर सांडलेल्या अॅसिडवर खाण्याचा सोडा टाकतात. डोळ्यात थेंब गेला, तर तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे. मग डॉक्टरांकडे जावे. डोळा चोळू नये.

पाचवे काम वहीचे. हे काम लहान वाटते, पण सगळ्यांत मोलाचे आहे. प्रत्येक सेलला नंबर असतो. दर महिन्याला त्याचा दाब मोजून वहीत लिहितात. समजा, सगळे सेल 2.2 दाखवतात. 37 नंबरचा सेल मात्र एका महिन्यात 2.15, पुढच्या महिन्यात 2.10, त्यापुढे 2.05 दाखवतो. एकाच दिवशी पाहणाऱ्याला यात काही दिसणार नाही. तिन्ही महिने वाचणाऱ्याला कळेल, की हा सेल खचत चालला आहे. साखळीची एक कडी तुटली, की साखळी गेली. म्हणून मोजल्याशिवाय आकडा लिहू नये. मागचा आकडा बघून पुढचा भरणारा माणूस सर्वांना फसवतो.

नव्या तऱ्हेची मोठी बॅटरी

आता लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत. दिवसा उन्हाची वीज साठवायची आणि संध्याकाळी वापरायची, हे त्यांचे काम. दिल्लीत रोहिणी येथे 2019 च्या फेब्रुवारीत 10 मेगावॉटची अशी बॅटरी सुरू झाली. बंदरावर मालाचे कंटेनर असतात ना, तशा पेट्यांत हजारो सेल रचलेले असतात. त्यांत पाणी घालायचे नसते. पण दाब हजार व्होल्टच्याही वर जाऊ शकतो.

हिचा धोका निराळा. एखादा सेल आतून बिघडला, की तापू लागतो. त्याच्या तापाने शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. वणवा एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, तसेच हे. तापलेल्या सेलमधून विषारी आणि पेट घेणारा वायू निघतो. तो बंद पेटीत कोंडतो.

19 एप्रिल 2019 रोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या सरप्राइज या गावी असेच घडले. बॅटरीच्या पेटीतून पांढरट वाफ निघून जमिनीलगत पसरली. आगीचे बंब आले. जवानांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग दार उघडले. बाहेरची हवा आत शिरली. थोड्याच वेळात मोठा स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. ते शिकलेले, पोशाख केलेले जवान होते. मग आपण साध्या कपड्यांत दार उघडायला जावे काय?

अशा बॅटरीचे आतले काम शिकलेल्या माणसांचे. पण राखणदाराला बाहेरून पुष्कळ करता येते. थंड हवेचे यंत्र चालू आहे का, ते पाहावे. तापमानाचा आकडा वहीत लिहावा. पेटीभोवती निदान 10 फूट गवत वाढू देऊ नये. पेंढा, लाकडे जवळ रचू नयेत. तारा आत जातात तेथे उंदरांनी भोक पाडले आहे का, ते बघावे. धोक्याची घंटा वाजली, तर "नेहमीचंच आहे" म्हणून ती बंद करू नये.

धूर, फुसफुस असा आवाज किंवा ओळखीचा नसलेला वास आला, तर दार उघडू नका. वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे वारा तुमच्याकडून पेटीकडे जाईल अशा बाजूने, दूर जा. लोकांना दूर करा. 112 किंवा 101 नंबरला फोन करा आणि "लिथियमची मोठी बॅटरी आहे" हे आवर्जून सांगा. आग विझली असे वाटले, तरी ती तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा पेटते.

पूर आला तर

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, हे आपण विसरलेलो नाही. बॅटरी शक्यतो पुराच्या रेषेच्या वर, उंच ओट्यावर बसवावी. पाण्यात बुडालेली बॅटरी पुसून पुन्हा चालू करू नये. खारे पाणी तर अधिक वाईट. ते वाळल्यावर मागाहूनही आग लागू शकते. अशी बॅटरी घरापासून दूर, उघड्यावर असू द्यावी आणि जाणत्याला बोलवावे.

बॅटरीच्या खोलीवर पाटी असते. आत वही असते. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला ही दोन्ही मुकी होती. आता तुम्ही वाचू शकता. पाटी वाचूनच पुढे पाऊल टाका आणि वहीत जे दिसले तेच लिहा.

उत्तरे द्या

1. मेन स्विच पाडला, तरी बॅटरीजवळ सावध का राहावे?
2. बॅटरीत विहिरीचे पाणी का घालू नये?
3. हायड्रोजन वायू कोठे जमतो?
4. 37 नंबरचा सेल खचतो आहे, हे कशावरून कळले?
5. तुमच्या गावात कोठे कोठे बॅटरी आहे? तेथे हवा येण्याची सोय आहे का? जाऊन पाहा आणि चार ओळी लिहा.