नावातला ‘रोड’

भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट वस्तुतः कोणी सांगावी लागू नये. कारण दिवा–वसई लोहमार्गावरील आमच्या स्थानकाचे नावच ‘भिवंडी रोड’ आहे, आणि अंजूर फाट्याच्या बाजूच्या त्या फलाटावर उतरलेल्या पाहुण्याला गावात येण्यासाठी पुन्हा रिक्षा करावी लागते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. रेल्वेच्या नामावलीत ‘रोड’ म्हणजे बहुधा गाव नव्हे, गावाकडे जाणारी वाट. असे असूनही २०१८ सालच्या मार्गशीर्षात, लेकीच्या बाळंतपणासाठी शारजाला निघालेलो आम्ही उभयता नेमके याच शब्दापाशी फसलो.

एस.टी.ने ठाणे, लोकलने घाटकोपर आणि तेथून ८ जून २०१४ पासून धावणारी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो, असा मार्ग मी आखला होता. त्या मार्गावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्थानक आहे. तेव्हा गाडीतून उतरावे आणि विमानतळात शिरावे, इतका सरळ हिशेब मी मनाशी केला, आणि कोणाजवळही चौकशी करण्याची तजवीज केली नाही. जिना उतरून पाहतो तो समोर अंधेरी–कुर्ला रस्त्याची तुंबलेली रहदारी. आणि परदेशी विमाने जेथून सुटतात ते टर्मिनल दोन तेथून दीड-दोन किलोमीटर दूर! दोन जड बॅगा, पत्नीच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि रिकामी रिक्षा नाही. धापा टाकीत आम्ही पोहोचलो तेव्हा उड्डाणाला पन्नास मिनिटे उरली होती. परंतु आमच्या विमानाची नोंदणी तासभर आधीच बंद झाली होती, आणि नियमापुढे विनंतीचा इलाज नव्हता. तिसऱ्या दिवशी नवे तिकीट काढून आम्ही गेलो. नातू त्याच्या आदल्या रात्री जन्मला होता. वेदनेच्या वेळी लेकीच्या उशाशी तिची आई नव्हती, याची खंत माझ्या मनातून आजही गेलेली नाही. तिकिटाचे पैसे त्यापुढे काहीच नव्हेत.

आता सोय पालटली आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो तीन सुरू झाली असून टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांना तिच्यावर स्वतंत्र स्थानके आहेत. मात्र आमच्या पिढीतील ज्यांच्या जिभेवर परदेशी विमानतळ म्हणजे ‘सहार’ हे समीकरण बसले आहे, त्यांनी विशेष खबरदारी घ्यावी. कारण याच मार्गावर ‘सहार रोड’ हे आणखी एक स्थानक आहे. पुन्हा तोच ‘रोड’! फलकावर टर्मिनलचा आकडा दिसल्याखेरीज जागेवरून उठू नये.

त्याहून आधीची खबरदारी तिकीट हाती पडताच घ्यावयाची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे होऊ लागल्यामुळे ‘मुंबईचे विमान’ एवढ्या मजकुरावर विसंबता येत नाही. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ. ‘एनएमआय’ असेल तर पनवेलनजीक उलव्याचा, आणि मग घाटकोपरचा सारा मार्गच निरुपयोगी. भिवंडी रोडवरून पनवेलच्या दिशेने रूळ जातात हे खरे, पण त्या मार्गावर प्रवासी गाड्या थोड्या आहेत. एक चुकली तर पुढची लगेच मिळेल या भरवशावर विमानाची वेळ कोणी बांधू नये.

जुन्या विमानतळाच्या टर्मिनल दोनवर जाणाऱ्यांनी घाटकोपरला मेट्रोत बसल्यावर स्थानके मोजावीत: जागृती नगर, असल्फा, साकी नाका, आणि चौथे मरोळ नाका. तेथे उतरून खाली भुयारी गाडीत बसावे. पुढचेच स्थानक टर्मिनल दोन. विमानतळाचे नाव मिरवणारे ‘एअरपोर्ट रोड’ पाचवे आहे. त्याची वाट पाहत बसू नये.