कंदिलाचं आषाढातच बोलू

परवा फोनवर तू म्हणालीस, 'ताई, गणपती होऊ देत, मग दिवाळीचं बघते.' तुझ्या मागे पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत आहेस ना? मग ऐक. गणपतीनंतर दिवाळीचं बघायला घेतलेल्या बाईला दिवाळी फक्त निस्तरावी लागते.

तुला सगळे सांगतील, रील टाक, पेज वाढव, ऑर्डरी वाढव. मी तसं काही सांगणार नाही. कागदाचा, हाताने केलेला कंदील मागणारे लोक पुण्यात भरपूर आहेत. तुझ्याकडे कमी आहेत ते हात. म्हणून गिऱ्हाइकं मोजण्याआधी हात मोज. सगळं नियोजन तिथून सुरू होतं, आणि माझ्या मते बरंचसं तिथेच संपतं.

वही घे आणि हिशोब मांड. मधल्या आकाराचा एक कंदील, म्हणजे कामट्या बांधण्यापासून झिरमिळ्या चिकटवेपर्यंत, घरचं सगळं सांभाळून तू दिवसाला पाच करतेस असं धरू. सहा म्हणू नकोस, सहा हा उत्साहाच्या दिवसाचा आकडा असतो. ऑगस्टच्या मध्यापासून कोजागिरीपर्यंत सत्तरेक दिवस मिळतात. त्यातून गौरी-गणपतीचे दिवस, रविवार, मुलाचा ताप आणि सासूबाईंच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या काढल्या की हातात पन्नास दिवस उरतात. पन्नास पंचे अडीचशे. त्यातले पन्नास बाजूला ठेव. काही फाटतात, काहींचा कागद सुरकुततो, आणि धनत्रयोदशीला कुणीतरी 'अगं एकच दे ना' म्हणत दारात येतंच. राहिले दोनशे. तुझी दिवाळी दोनशे कंदिलांची आहे. हा आकडा कपाटाच्या दारावर चिकटव. आता उद्या कुणी दीडशे कंदिलांची एकगठ्ठा ऑर्डर घेऊन आलं, तर तुला कळेल की तो माणूस तुझं तीन चतुर्थांश दुकान मागतोय. त्याला काय भाव सांगायचा, हे मग तुझं तुलाच सुचेल.

यंदाचं पंचांगही आपल्या बाजूने आहे. अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ते ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. म्हणजे अठरा दिवस जास्तीचे, तेही पाऊस गेल्यानंतरचे. शिवाय पगार होऊन गेल्यावर दिवाळी येते आहे. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर, शनिवार-रविवार. खिशात पगार, दिवाळीला आठवडा, आणि कंदील घ्यायचा राहिलेला. त्या दोन दिवसांत तू करायला बसलेली नसावीस, विकायला बसलेली असावीस. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन पुन्हा २९ ऑक्टोबरवर येतंय, तेव्हा यंदाची ही ऐसपैस वेळ कायमची समजू नकोस.

आता पावसाचं. बाहेरचे सल्लागार हे सांगत नाहीत, कारण त्यांनी कधी पतंगी कागदाला खळ लावलेली नसते. श्रावणात कागद हवेतलं पाणी पितो. ताणून चिकटवलास की छान दिसतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुकून आणखी ताणला गेला की कोपऱ्यावर टचकन फाटतो. म्हणून पावसाळ्यात कागद चिकटवायचाच नाही. तेव्हा सांगाडे करून ठेवायचे. कामट्या तासायच्या, घासायच्या, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवायच्या आणि दोऱ्याने पक्क्या बांधायच्या. बांबू ओला राहिला तर त्याला बुरशी लागते, नाहीतर आतून पीठ पडायला लागतं. तसा एक सांगाडा बाकीच्यांत गेला तर इतरांनाही कीड लावतो. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायची जुनी रीत आहे, त्याने कीड धरत नाही. पण ते विष आहे. त्याचं भांडं वेगळं ठेव, आणि लेकरू घरात असताना ते वरच्या फळीवर. झिरमिळ्या, करंज्या, पट्ट्या कापून रंगवार पिशव्यांत भरून ठेवणं हे पावसाळ्यातलंच काम, आणि ते तू एकटीने करू नयेस. शेजारच्या काकूंना नगावर दे. दर आधी ठरव आणि पैसे धनत्रयोदशीच्या आत चुकते कर. त्यांनाही दिवाळी असते.

पितृपक्षाकडे तर आपल्या धंद्यातल्या बायकांनी वेगळ्याच नजरेने बघायला हवं. यंदा तो २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. लोक नवीन खरेदी करत नाहीत, फोन वाजत नाही, नवशिक्या मुली घाबरून सवलती जाहीर करतात. तू तसं करू नकोस. वर्षातला तुझा सगळ्यात शांत पंधरवडा तोच. परतीचा पाऊस साधारण त्याच सुमारास पाय काढता घेतो, हवा कोरडी होऊ लागते आणि कागद चिकटवायला हात मोकळे असतात. घटस्थापनेला फोन सुरू होतील तेव्हा निम्मे कंदील दोरीवर लटकलेले असले पाहिजेत.

फोटोही त्याच दिवसांत काढून घे. पेटलेल्या कंदिलाचा फोटो भर दुपारी घरात पडदे ओढून काढतात, तो फसवा दिसतो. सूर्य मावळल्यावर आकाश अजून निळं असतं, ती पंधरा-वीस मिनिटं पकड. आत पिवळसर एलईडी लाव, पांढरा लावशील तर कागद आजारी दिसतो. जास्त वॉटचा जुना बल्ब तर फोटोपुरताही नको.

मालाची खरेदी मात्र याच महिन्यात. रविवार पेठेत, बोहरी आळीत आत्ता गेलीस तर दुकानदार चार गठ्ठे काढून दाखवतो, रंग जुळवून देतो. दसऱ्यानंतर गेलीस तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि 'राणी कलर संपला' हे वाक्य ऐकून परत यावं लागतं. मुंबईची खरेदी असेल तर खोके, फिती, कागदी पिशव्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटला लागून असलेली अब्दुल रहमान स्ट्रीट बघून ये. सोबत पणत्या ठेवणार असलीस तर त्या धारावीच्या कुंभारवाड्यातूनही येतात, पण वाटेत तुटतात. तुझ्या घराजवळ कुंभार असेल तर त्यालाच आगाऊ सांग. आणि एक माझा हट्ट समज हवं तर, पण कुठल्याही वस्तूवर किंवा खोक्यावर साल छापू नकोस. 'शुभ दीपावली' पुरे. साल छापलेला उरलेला माल पाडव्यानंतर रद्दी होतो. न छापलेला निगुतीने गुंडाळून ठेवला तर पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात विकला जातो.

आता ऑर्डरीचं, म्हणजे तुझ्या भिडस्तपणाचं. मनाजोगत्या रंगाच्या, नाव घातलेल्या कंदिलांसाठी शेवटची तारीख दसरा ठेव, २० ऑक्टोबर. तयार मालातून निवडणाऱ्यांसाठी १ नोव्हेंबर. हे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आजपासून नको, गणपतीपासून टाकायला लाग. निम्मे पैसे आधी, तेही आल्यावरच नाव वहीत. मावशीच्या मैत्रिणीलाही हाच नियम. ती रागावेल, रागावू दे. फुकटात धरून ठेवलेले कंदील शेवटच्या दिवशी कोणी नेत नाही, हे तुला कुणीही दुकानदार सांगेल. नाही म्हणायचं वाक्य आधीच लिहून फोनमध्ये साठवून ठेव: 'यंदाच्या ऑर्डर भरल्या आहेत, तयार कंदिलांचे फोटो पाठवते, त्यातला आवडला तर लगेच कळवा.' ऐन वेळी सुचत नाही गं, आणि न सुचल्यामुळेच आपण हो म्हणून बसतो.

किमतीबद्दल एवढंच, की तुझ्या तासांचे पैसे धर. कागद, कामट्या, वायर, होल्डर, खोकं एवढी बेरीज करून वर थोडे चढवतेस, त्याला किंमत म्हणत नाहीत. सणाच्या गर्दीत भाव वाढवायचा नसेल तर आत्ताच नीट ठरव आणि शेवटपर्यंत हलवू नकोस. शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत काढणाऱ्याकडे लोक पुढल्या वर्षीही शेवटच्याच दिवशी येतात.

कंपन्यांच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी तुला खुणावतायत, ते दिसतंय मला. घे, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या एका दिवाळीच्या बिलाचे पैसे होळीच्या सुमारास आले होते. कंपनीचं नाव काढत नाही. त्यावरचा इलाज मोफत आहे. उद्यम नोंदणी कर. ऑनलाइन होते, शुल्क नाही, आणि पैसे मागणाऱ्या एजंटाकडे अजिबात जाऊ नकोस. ती नोंदणी असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आली, की मुदतीत पैसे न दिलेले बिल कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतं. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापलास की हिशेबखात्यातला माणूस ते बिल आपणहून वर काढतो. भांडण्याची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी हे. राज्याबाहेर माल पाठवायला लागलीस तर जीएसटीचे नियम वेगळे आहेत. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सवलत आहे, तुझ्या कोणत्या वस्तू बसतात ते सीएला आत्ताच विचार. ऑक्टोबरात सीएही फोन उचलत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींना पाठवायचं असेल तर कंदील घडीचाच कर. कुरियरवाला वजन बघत नाही, खोकं बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण पाच हजाराने भागतात. तीस-तीस-तीसचं खोकं म्हणजे ५.४ किलोचे पैसे, आत कंदील तीनशे ग्रॅमचा का असेना! तोच घडी घालून ४० बाय ३० बाय ४ च्या चपट्या खोक्यात गेला तर एक किलोच्या आत बसतो. आणि सप्टेंबरअखेर निघालाच पाहिजे. २०२५ मध्ये काय झालं आठवतंय ना? अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयातकराची माफी काढली. त्याच सुमारास आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. आयातकर कोण भरणार, हे गिऱ्हाइकाशी आधी लेखी बोलून घे.

प्रदर्शनं फार लावू नकोस. एकच निवड, दसरा आणि दिवाळीच्या मधलं. स्टॉलचं भाडं, टेम्पो, दोन दिवसांचं जेवण आणि बुडालेलं काम, एवढं वसूल व्हायला किती कंदील विकावे लागतील ते आधी काढ. दोनशेपैकी सत्तर लागत असतील तर ते प्रदर्शन तुझ्यासाठी नाही.

आणि फराळ विकत आण गं यंदा. चिवडा घरी झाला नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. सासूबाईंना मी सांगते हवं तर.

आता असं कर. या शनिवारी बोहरी आळीत जाऊन ये आणि रविवारी उद्यमची नोंदणी उरकून टाक. आधार आणि पॅन जवळ ठेव, एका बैठकीत होऊन जातं. अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, मी जागी असते.