कानबाईच्या आधी

धुळे



वहिनींचा फोन आला होता. ऑपरेशनची जखम भरली, वजन वाढतंय, पण तू खोलीबाहेर पडत नाहीस. यंदा कानबाईच्या पूजेला यायलाही नाही म्हणालास. पोटाला पिशवी लावून देवीपुढे कसं बसू, असं विचारलंस म्हणे.

बाळा, देवीपुढे बसणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात तेच असतं जे तुझ्या पिशवीत असतं. तुझं तर घट्ट बंद. यात विटाळ कसला? आतड्याच्या कॅन्सरनंतर मलाही कायमची पिशवी लागली, ती लावूनच मी दर श्रावणात पूजेला बसतो, आरती धरतो. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि तू आपल्या भाऊबंदकीतला आहेस. ऑपरेशनने ते नातं कापलेलं नाही.

रडू आलं तर रड. शरीराचा एवढा मोठा बदल पंचविशीच्या आत स्वीकारणं सोपं नाही, आणि 'सकारात्मक राहा' एवढं सांगून ते होतही नाही. पण मागची वर्षंही आठव. आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसनं तुला कॉलेजच्या तासाला बसू दिलं नाही, एस.टी.त बसायची भीती घातली, दिवसातून कितीदा धावायला लावलं. आज ती कळ नाही, रक्त नाही. पिशवी हा तुझा आजार नव्हे, त्यातून सुटल्याची ती खूण आहे. अमेरिकेतल्या रॉल्फ बेनिर्शके या फुटबॉलपटूचं याच आजारासाठी 1979 साली ऑपरेशन झालं. पिशवी लावून तो पुन्हा मैदानात उतरला आणि 1986 पर्यंत खेळला. तुला तर जळगावहून धुळ्याला यायचंय!

मन उभारी धरतं ते भीती एकेक करून कमी झाली की. गळती ही सगळ्यात मोठी भीती. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी कर. पिशवीच्या प्लेटचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा, दोन-तीन मिलिमीटरच मोठं काप. पहिले दीड-दोन महिने स्टोमा आकसतो, तेव्हा माप पुन्हा घेत राहा. कातडी लाल झाली, चुरचुरली तर स्टोमा नर्सला दाखव. मुंबईत टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, तिथल्या नर्स लाज न वाटू देता सगळं शिकवतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची मात्र खरी काळजी घे. लहान आतड्याच्या स्टोमातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, म्हणून नुसतं पाणी न पिता ओ.आर.एस. घे. जादा प्लेटा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, उष्णतेनं चिकटपणा जातो.

जेवणाचं वहिनींना सांग: केळी भरपूर, त्यानं पातळ शौच घट्ट होतं, आणि जळगावात त्यांना तोटा नाही. भरीत थोडं थोडं सुरू कर, मिरची बेतानं. शेंगदाणे, खोबरं, मका सध्या नको; पुढे खाशील तेव्हा खूप चावून, नाहीतर आतडं अडतं. कळण्याच्या भाकरीनं सुरुवातीला गॅस होईल, तीही हळूहळू.

मित्रांपैकी एकाला तरी सांगून टाक. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण कुणालाच न सांगता जगणं फार दमवतं.

शनिवारी दुपारच्या बसनं निघ. निघताना पिशवी रिकामी कर, दोन जादा बरोबर ठेव; पारोळ्याला गाडी थांबली की मला फोन कर. आपल्या मागच्या खोलीला लागून संडास आहे, ती खोली तुझ्यासाठीच ठेवलीय. प्लेटचं माप आजच कळव, इथल्या दुकानातून मागवून ठेवतो.

तुझा
काका