हाक मारण्याची रीत

मुलांनो, तुम्ही शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारता का? नाही. मोठ्या बहिणीला तुम्ही 'आपा' किंवा 'बाजी' म्हणता. मराठी घरांत तिला 'ताई' म्हणतात. कोरियातही अशी रीत आहे; पण ती अधिक बारीक आहे.

कोरियन मुलगा मोठ्या भावाला 'ह्यंग' आणि मोठ्या बहिणीला 'नूना' म्हणतो. मुलगी मात्र भावाला 'ओप्पा' आणि बहिणीला 'ऑन्नी' म्हणते. वयाने थोड्या मोठ्या असलेल्या मित्रमैत्रिणींनाही हेच शब्द वापरतात. म्हणून नवी ओळख होताच तेथे पुष्कळदा वय विचारले जाते.

मोठ्या माणसांत नावानंतर 'सी' जोडतात. अधिक मान द्यायचा असेल, तर 'निम' जोडतात. शिक्षकांना 'सॉन्सेंगनिम' म्हणतात. स्वतःच्या नावाला मात्र कोणी 'सी' किंवा 'निम' जोडत नाही. मान दुसऱ्याला द्यायचा असतो, आपण घ्यायचा नसतो.

कोरियात १९५० ते १९५३ या काळात मोठे युद्ध झाले. त्यानंतरच्या काही दशकांत सुमारे दोन लाख कोरियन मुले परदेशांतील कुटुंबांत दत्तक गेली. मोठेपणी त्यांपैकी काही जण जन्मभूमी पाहायला येतात. त्यांचा चेहरा पाहून लोक त्यांच्याशी कोरियन भाषेत बोलू लागतात. पण कोणाला काय म्हणावे, हे त्यांना उमगत नाही. चेहरा घरचा, पण भाषा परकी! यात त्यांचा काय दोष? याउलट, बाहेरून आलेला एखादा माणूस सगळे शब्द अचूक वापरतो. तरी चेहऱ्यामुळे तो परकाच ठरतो. मग आपलेपणा कशात असतो? चेहऱ्यात की शब्दांत?

कोरियन भाषेत 'उरी' हा गोड शब्द आहे. 'उरी' म्हणजे 'आमचे'. एकुलता एक मुलगाही 'माझी आई' न म्हणता 'आमची आई' म्हणतो. या 'आमचे'मध्ये किती जणांना जागा द्यायची, हे बोलणाऱ्याच्या मनावर असते.

मराठी शिकताना तुम्हीही कधी 'तू' आणि 'तुम्ही' यांत चुकला असाल. तेव्हा कोणी हसले असेल, तर कोणी प्रेमाने योग्य शब्द सांगितला असेल. तुम्हांला आपले कोण वाटले? उद्या एखादा नवा माणूस तुमच्या भाषेत चुकला, तर हे आठवा.

शब्दार्थ
रीत – पद्धत, तरीका
दत्तक जाणे – गोद दिले जाणे
परका – अजनबी, गैर
उमगणे – समजणे

स्वाध्याय
१. कोरियात नवी ओळख होताच वय का विचारतात?
२. दत्तक गेलेल्या मुलांना जन्मभूमीत कोणती अडचण येते?
३. तुमच्या घरात थोरांना कोणकोणत्या शब्दांनी हाक मारतात? ते शब्द लिहा.