गोळ्यांनी फीट थांबत नसेल तर...

नांदगावहून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला १४ वर्षांपासून फिट्स येतात. तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, वेळ चुकवली नाही, तरी महिन्यातून चार-पाच वेळा झटका येतोच. नोकरी सुटली, लग्नाचे जमत नाही, विहिरीवर एकटीला पाठवायची भीती वाटते. ते विचारतात, ‘मेंदूचे ऑपरेशन केले की फीट जाते असे ऐकतो, ते खरे का? आणि मेंदूत तारा बसवून वाचा गेलेल्या माणसाला बोलते करतात असे वाचले, तो हाच उपाय का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : होय, पण सर्वांची नाही. दुसऱ्याचे उत्तर : तो उपाय वेगळा आहे, पण त्याचा रस्ता अपस्माराच्या रुग्णांच्या खाटेपासूनच निघाला आहे. म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहितो.

आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींशी अतिशय सूक्ष्म विजेच्या भाषेत बोलतात. त्यांतला एखादा गट मध्येच एकदम, एकसुरात पेटून उठला की फीट येते. ही खळबळ सगळ्या मेंदूभर पसरली तर माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. हे सर्वांना ओळखता येते. पण खळबळ कानशिलाच्या आतल्या भागातच राहिली, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंपोरल लोब म्हणतात तिथे, तर चित्र निराळे दिसते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, मग नजर स्थिर होते, तोंड चघळल्यासारखे हलते, हात कपड्यांशी चाळा करतो. मिनिट-दोन मिनिटांत सारे संपते आणि त्या व्यक्तीला त्यातले काही आठवत नाही. हीसुद्धा फीटच आहे. आपल्याकडे नेमकी हीच जात ‘बाहेरची बाधा’ म्हणून वर्षानुवर्षे फिरवली जाते. देवाला गाऱ्हाणे घालायला कोणाही डॉक्टरची हरकत नसावी. हरकत आहे ती कौल मिळेपर्यंत गोळ्या बंद ठेवण्याला.

योग्य औषध, योग्य मात्रेत, न चुकता घेतले तर साधारण शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट्स आटोक्यात येतात. उरलेल्या तीस जणांचे काय? स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. तिथल्या रुग्णांपैकी शेकडा ४७ जणांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी १३ जणांच्या दुसऱ्या औषधाने. तिसऱ्या औषधाने किंवा औषधांच्या जोडीने थांबलेले मात्र जेमतेम चार. म्हणजे दोन औषधे नीट देऊन हरल्यावर तिसरे, चौथे, पाचवे बदलत बसण्यात फारसे हाती लागत नाही. तरी आपल्याकडे असे रुग्ण दहा-दहा, वीस-वीस वर्षे चिठ्ठ्या बदलत राहतात. खरे नुकसान येथे होते. शाळा सुटते, होडीवर कोणी घेत नाही, चुलीजवळ भाजणे, विहिरीत किंवा खाडीत पडणे असे प्रकार घडतात. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पाण्यातली फीट म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दोन औषधे हरली असे म्हणण्यापूर्वी काही गोष्टी मात्र तपासून घ्याव्या लागतात. मुळात ती फीटच आहे की चक्कर? मात्रा पुरेशी होती का? जागरण, दारू, सणावारात राहिलेल्या गोळ्या हे तर कारण नाही? या चाळणीतूनही फीट शिल्लक राहिली, तर अपस्मार-शस्त्रक्रियेच्या तपासणीला पाठवणे हा त्या रुग्णाचा हक्क समजला पाहिजे. तपासणीला पाठवणे म्हणजे ऑपरेशन ठरले, असे नव्हे.

शस्त्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. फीट एकाच ठराविक जागेतून उठत असेल, आणि ती जागा काढल्याने हालचाल, बोलणे, स्मरण यांना मोठा धक्का बसणार नसेल, तर ती काढून टाकायची. सर्वांत जास्त ऑपरेशने टेंपोरल लोबची होतात. त्याच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा वळणदार भाग असतो. मच्छीमारांच्या जाळ्यात कधी कधी जो घोडामासा येतो, त्याच्या आकारावरून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी हे नाव दिले. लहानपणी तापात फार वेळ चाललेल्या फीटनंतर काही जणांत या भागाला व्रण पडतो आणि पुढे तोच फिट्सचे मूळ बनतो. कॅनडात ८० रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. टेंपोरल लोबचा अपस्मार असलेल्या या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त असलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ५८ होते, नुसत्या औषधांच्या गटात शेकडा ८. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांवर असाच अभ्यास करून तो २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात वर्षभर फीटमुक्त राहिलेली मुले ऑपरेशनच्या गटात शेकडा ७७ आणि औषधांच्या गटात ७ होती. मात्र ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना एका बाजूच्या हातापायाच्या कमजोरीसारखे गंभीर परिणामही सोसावे लागले. त्यांतले बरेचसे आधीच अपेक्षित होते. तरी पालकांना ते माहीत असलेच पाहिजेत.

हे काम आपल्या देशात नवे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी अपस्मार-शस्त्रक्रियेची मोठी परंपरा घडवली. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला देशातला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला आणि १९५२ साली तेथेच अपस्मारावरील शस्त्रक्रिया झाली. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. राम गिंडे हेही मॉन्ट्रियललाच शिकले होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ साली डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने स्वतंत्र अपस्मार कार्यक्रम सुरू झाला. तेथे आजवर हजाराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. संगीता रावत, डॉ. दत्तात्रय मुझुमदार यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हे काम सार्वजनिक रुग्णालयाच्या खर्चात सामान्यांपर्यंत आणले.

आता तारांकडे वळू. फिट्सची जागा शोधण्यासाठी रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवून डोक्यावर ई.ई.जी.च्या तारा लावतात आणि समोर कॅमेरा चालू ठेवतात. याला व्हिडिओ ई.ई.जी. म्हणतात. डॉक्टर गोळ्या जाणूनबुजून कमी करतात आणि फीट यायची वाट पाहतात. नातेवाईकांना हे विचित्र वाटते, पण चोर रंगेहाथ पकडायचा तर त्याला येऊ द्यावे लागते! सोबत बारकाईने काढलेला एम.आर.आय. आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या असतात. सगळ्यांचे बोट एकाच जागेकडे गेले, तर पुढचा निर्णय सोपा होतो. ते तसे जात नसेल, तर काही रुग्णांत कवटीला बारीक भोके पाडून मेंदूच्या आत तारा, किंवा कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर धातूच्या टिकल्यांची पातळ पट्टी ठेवतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. या तारा आठवडा-दोन आठवडे राहतात.

या आठवड्या-दोन आठवड्यांत रुग्ण शुद्धीवर असतो, गप्पा मारतो, टीव्ही पाहतो, आणि फीट केव्हा येईल याची वाट पाहत कंटाळतो. जिवंत माणसाच्या मेंदूतले बोलणे इतक्या जवळून ऐकण्याची संधी एरवी मिळत नाही. केवळ संशोधनासाठी निरोगी माणसाची कवटी कोणी उघडणार नाही. म्हणून रुग्णाची लेखी संमती घेऊन शास्त्रज्ञ त्याला काही छोटी कामे करायला सांगतात. २००४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे अशा चार रुग्णांनी नुसत्या विचाराने संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका हलवून दाखवला. त्यासाठी त्यांना ३ ते २४ मिनिटांचा सराव पुरला. २०१९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. एडवर्ड चँग यांच्या पथकाने अपस्माराच्या पाच रुग्णांना वाक्ये मोठ्याने वाचायला लावली, ओठ-जीभ-स्वरयंत्र हलवणाऱ्या भागातली वीज टिपली आणि तिच्यावरून संगणकाकडून तीच वाक्ये बोलवून घेतली. त्या पाच जणांना स्वतःला याचा काही उपयोग नव्हता; त्यांना बोलता येतच होते. उपयोग झाला तो दुसऱ्यांना. २०२१ साली त्याच पथकाने पक्षाघातामुळे पंधरा वर्षांहून अधिक काळ वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूवर पट्टी बसवली, आणि ५० शब्दांच्या साठ्यातून त्याची वाक्ये पडद्यावर उमटू लागली. २०२३ साली अशाच एका स्त्रीच्या बाबतीत हा वेग मिनिटाला ७८ शब्दांपर्यंत गेला.

तेव्हा पत्रलेखकांनी वाचलेली बातमी खरी आहे. पण ते संशोधन आहे आणि मोजक्याच लोकांवर झाले आहे. त्याने फीट जात नाही. त्याच्या नावावर कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. हे दोन रस्ते खरोखर मिळतात ते एका यंत्रात : कवटीत बसवायचे एक छोटे साधन मेंदूची वीज सतत ऐकते आणि फीट उठू लागली की उलट हलका विजेचा धक्का देऊन ती दाबते. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. ज्यांच्या फिट्सची जागा कापता येण्यासारखी नसते, त्यांच्यासाठी ते आहे. शिवाय एक नियम पक्का लक्षात ठेवावा. तारा कुठे बसवायच्या हे रुग्णाच्या उपचाराच्या गरजेवरून ठरते, संशोधकाच्या सोयीवरून नव्हे; आणि प्रयोगाला नाही म्हटले म्हणून उपचारात कमी-जास्त होता कामा नये.

धोके काय आहेत? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शब्दांची आठवण थोडी मंदावणे, नजरेचा वरचा कोपरा जाणे. मृत्यूचे प्रमाण कमी असते, पण शून्य नाही. शस्त्रक्रियेला किती जपून हात घालावा लागतो, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाने जगाला शिकवले. १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला नवी गोष्ट लक्षात ठेवता आली नाही. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तरी तो त्याला अनोळखीच असे. म्हणून दोन्ही बाजू कधी काढत नाहीत, आणि एक बाजू काढण्यापूर्वी दुसरी धड आहे ना, हे तपासतात.

लग्नाविषयी एक गोष्ट. १९९९ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर काढून टाकला आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार सोसून ‘संवेदना फौंडेशन’ उभे केले आणि अपस्मार असलेल्यांच्या विवाहासाठीही काम केले. आजार लपवून लग्न करू नये, पण आजारामुळे लग्नच नको, हेही खरे नाही.

पत्रलेखकांनी आता काय करावे? बहिणीला फीट आली की घाबरून कांदा, चप्पल, किल्ल्या शोधू नयेत. कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर तिचे चित्रण करावे. ते दोन मिनिटांचे चित्रण डॉक्टरला पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते. फीट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर मात्र सरळ रुग्णालय गाठावे. एका वहीत तारीख, वेळ आणि आदल्या रात्रीची झोप लिहावी. आजवरच्या साऱ्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि किती महिने घेतल्या, याची यादी करावी. ही वही आणि जुना एम.आर.आय. घेऊन आधी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा मुंबईला केईएममध्ये मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. श्री चित्राला जायचे ठरले, तर कोकण रेल्वेवरून नेत्रावती एक्स्प्रेस थेट तिरुवनंतपुरमला जाते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावे. चालू गोळ्या मात्र प्रवासातही बंद करू नयेत, आणि ऑपरेशन झालेच तर त्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत त्या चालू ठेवाव्यात.