तबकडी आणि तिचा काळ

घरांतील जुन्या कपाटांत एखादी मोठी काळी तबकडी सांपडली, तर ती टाकाऊ समजूं नका. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ती बाजारांत आणिली. पूर्वीची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तीनचार मिनिटांत संपे. ही ३३ व एकतृतीयांश फेरे घेते, हिच्यावरील खाचाही बारीक; म्हणून एका बाजूस वीसएक मिनिटें गायन मावूं लागलें.

हिप्पी पिढीचें संगीत हिच्यावरच वाढलें. लांब केस, बेलबॉटम विजारी, गळ्यांत मण्यांच्या माळा, असा त्या तरुणांचा वेष. १९६७ सालीं बीटल्स मंडळींनीं ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी सलग ऐकावयाची रचना म्हणून काढिली. १९६९ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क राज्यांतील बेथेल येथें, एका शेतकऱ्याच्या रानांत, वुडस्टॉक महोत्सवास सुमारें चार लक्ष श्रोते जमले. आपल्या पंडित रविशंकरांनीं तेथें पावसांत सतार वाजविली.

आज त्या काळाची आठवण पुष्कळांस व्याकुळ करिते. २०२० सालीं अमेरिकेंत तबकड्यांचें उत्पन्न, १९८६ नंतर प्रथमच, सीडीहून अधिक झालें. धुळीची खरखर मात्र कोणी आठवीत नाहीं; आणि व्हिएतनामच्या युद्धावर सक्तीनें धाडिल्या जाणाऱ्या तरुणांचें भय तर त्या रंगीत वेषामागें दडूनच राहतें. मला वाटतें, खरी ओढ निराळीच आहे. सुई ठेविली म्हणजे बाजू संपेपर्यंत स्वस्थ बसावें लागे, आणि मग उठून तबकडी स्वहस्तें उलटावी लागे.