कणीस, धरण आणि माझी केटी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मराठीतच लिहावी लागणार, कारण ती माझ्या आजीची पण आहे.

गेल्या सेमिस्टरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये माझी केटी लागली. त्यानंतर रविवारी रूमवर बसून पुस्तकाकडे नुसतं बघत राहायचं, हा माझा उद्योग. मैत्रिणी म्हणाल्या, "चल, खडकवासल्याला कणीस खाऊ." मी नाही म्हणत होते. शेवटी चपला पायात घालूनच मला बाहेर काढलं!

त्याआधी आम्ही एकदा "एज्युकेशनल आउटिंग" करून पाहिलं होतं. प्रत्येकीला प्रश्नांचा कागद दिला होता. सपशेल फसलं. अर्ध्या तासात कागदाचे द्रोण झाले आणि त्यात शेंगदाणे आले. म्हणून या वेळी एकच नियम ठेवला. वही न्यायची नाही, पण प्रत्येकीने आपली ब्रँच सोडून दुसऱ्या ब्रँचचा एक प्रश्न विचारायचा. ज्याला जमेल त्याने उत्तर द्यायचं. नाही जमलं तर रात्री मेसमध्ये शोधून सांगायचं.

पहिला प्रश्न कणीसवाल्या मावशींच्या शेगडीपाशीच सुटला. गिऱ्हाईक दहा उभे, शेगडीवर मावतात चार कणसं, एक खेप भाजायला साधारण पाच मिनिटं. म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस, त्यावर एकही नाही. रांग कितीही वाढो! आमची प्रॉडक्शनवाली लगेच म्हणाली, "हाच बॉटलनेक." मग दुसरी शेगडी का नाही? मावशी हसल्या. "पोरी, वारा घालायला हात दोनच आहेत ना? आणि पाऊस आला की गिऱ्हाईक येतं, पण कोळसा भिजतो." पुस्तकातल्या गणितात कोळसा कधी भिजत नाही.

मग माझी पाळी. कॉम्प्युटरवालीने धरणाकडे बोट दाखवून विचारलं, "मागे एवढं लांबच लांब पाणी आहे, एवढ्या सगळ्याचा दाब ही भिंत सहन कशी करते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच डोक्यात दिवा पेटला. भिंतीला पाणी किती लांब पसरलंय याच्याशी देणंघेणं नाही, किती खोल आहे याच्याशी आहे. तलाव दहा मीटर लांब असो की दहा किलोमीटर, ३० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण ३० टनांचा दाब तेवढाच. पण खोली वाढली तर? एकूण जोर खोलीच्या वर्गाने वाढतो, आणि भिंत उलथवू पाहणारा मोमेंट घनाने. म्हणजे पाणी १० टक्के चढलं तर जोर २१ टक्के आणि मोमेंट ३३ टक्के जास्त! म्हणून तर भिंत खाली जाडजूड आणि वर निमुळती. सूत्र मला पाठ होतं हो, पण ते कशासाठी हे त्या दिवशी कळलं.

याच धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दारं बसवली होती. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडणार. दर १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण दारं कुठे होती हे मला माहीतच नव्हतं.

रात्री आजीला फोन केला. सहज म्हटलं, खडकवासल्याला गेलो होतो. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही तेव्हा शनिवारात राहायचो." १२ जुलै १९६१. वर पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना, फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं, जुन्या भिंतीने काही तास तग धरला आणि मग तीही गेली. आजी अकरा वर्षांची होती. वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं, आईने देव घेतले, आणि सगळे पर्वतीकडे पळाले. परत आले तर वाड्यात गाळ आणि नळ कोरडे, कारण शहराला पाणी त्याच तलावातून यायचं. "पुरात बुडालो आणि मग हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभे राहिलो," आजी म्हणाली.

वीस वर्षं मी तिच्या मांडीवर खेळले, पण हे तिला कधी विचारलं नाही. शाळेत इतिहासाच्या पेपरात पानिपत होतं, पानशेत नव्हतं.

मी तिला वर्गाचं नि घनाचं समजावलं. मला वाटलं कंटाळेल. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी पाणी किती चढलं होतं गं?" मला सांगता आलं नाही. आता लायब्ररीत जुने रिपोर्ट शोधते आहे. सिव्हिलच्या सरांनी मदत करतो म्हटलंय.

केटीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्याआधीच्या रविवारी आजी येणार आहे आमच्याबरोबर. तिची अट एकच, कणसाला तिखट कमी लावायचं.